मावशींची फेरी कुठल्याच टॉवरला दिसत नाही

परवा दसरा चौकात एका जुन्या मित्राबरोबर चहा पीत उभा होतो. तोही माझ्यासारखाच सिव्हिलवाला. विषय निघाला शहरातल्या बसचा. केंद्राच्या योजनेतून कोल्हापूरला १०० ई-बस मंजूर झाल्यात, त्या कुठल्या मार्गावर पळवायच्या, यावर आमची चर्चा. मी म्हटलं, "आधी नीट सर्व्हे करायला पाहिजे. लोक कुठनं कुठं जातात ते कळायला पाहिजे."

तो हसला. "भावा, कुठल्या जगात आहेस? आता घरोघरी कोण फिरतंय? मोबाईल कंपनीकडनं डेटा घ्यायचा. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. कोण कुठनं निघालं, कुठं पोचलं, सगळं एका क्लिकवर."

तेव्हा मी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र त्यातले 'प्रत्येकाच्या खिशात' हे दोन शब्द डोक्यातनं जाईनात. पोस्ट जरा लांब झाली आहे, पण आपल्या शहराचा विषय आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आधी एक कबुली देतो. जुना सर्व्हे म्हणजे काही देवाची वाणी नव्हे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. डिप्लोमाला असताना सुट्टीत मी दुसऱ्या एका शहरात वाहतूक सर्व्हेचं काम केलंय. घरोघरी जायचं आणि प्रत्येक माणसाला विचारायचं, काल कुठं गेला होता, कशानं गेला, किती वाजता निघाला, का गेला. फॉर्ममागे पैसे. दिवसाला ठरलेले फॉर्म झालेच पाहिजेत. मे महिन्याचं ऊन, चार दारं वाजवली की एक उघडणार, तेही "आम्हाला काही घ्यायचं नाही" म्हणून बंद होणार. तिसऱ्या दिवशी मी आणि बरोबरचा पोरगा चहाच्या टपरीवर बसलो आणि अकरा फॉर्म आमच्या मनानं भरून टाकले. नवरा बाईकवरून कामाला, मुलं सायकलवरून शाळेला, बाई घरी. सगळ्या घरात बाई घरी. लिहायला सोपं पडत होतं.

ते फॉर्म पुढं कुठल्या तरी कॉम्प्युटरमध्ये गेले असणार. तशा थोड्या घरांवरून अख्ख्या शहराचं गणित मांडतात. म्हणजे माझ्या त्या अकरा खोट्या घरांच्या मागे शेकडो खरी घरं उभी केली गेली असणार. आज वीसेक वर्षांनी आठवलं तरी लाज वाटते.

त्यामुळे मित्राचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. फोन टपरीवर बसून फॉर्म भरत नाही.

हे चालतं कसं, ते थोडक्यात सांगतो. आपण फोन लावला, मेसेज आला किंवा नेट चालू झालं की कुठल्या टॉवरवरून ते झालं आणि किती वाजता, याची नोंद कंपनीकडे राहते. नाव-नंबर काढून टाकून अशा लाखो नोंदी एकत्र केल्या की एक चित्र तयार होतं. फोन रोज रात्री ज्या टॉवरखाली असतो ते त्याचं घर धरायचं. कामाच्या दिवशी दुपारी जिथं जास्त वेळ असतो ते कामाचं ठिकाण धरायचं. मधली हालचाल म्हणजे प्रवास. मग एका कंपनीचे ग्राहक एकूण लोकसंख्येच्या किती टक्के आहेत ते बघून आकडा वाढवायचा. शेवटी एक मोठा तक्ता तयार होतो: या भागातून त्या भागात सकाळी इतकी माणसं जातात. वाहतूक आराखड्याचा हाच पाया. आमच्या भाषेत याला प्रवासाची मागणी म्हणतात.

याचा फायदा कोल्हापूरला तर फारच आहे. १९७२ साली आपली नगरपालिका जाऊन महापालिका झाली. त्यानंतर चार दशकं उलटून गेली तरी हद्द होती तिथंच होती. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. पण हे शहर दिवसा चालतं ते हद्दीबाहेरच्या माणसांवर. उचगाव, पाचगाव, कळंबा, वडणगे, शिये... सकाळी आठला शिवाजी पुलावर किंवा तावडे हॉटेलजवळ उभं राहून बघा. हद्दवाढीवर गावं आणि शहर भांडत राहिली, २०१७ मध्ये ४२ गावांचं प्राधिकरण झालं, पण माणूस काही हद्द बघून कामाला जात नाही. मोबाईलचा टॉवरही हद्द बघत नाही, आणि इथं तेच उपयोगाचं आहे.

श्रीलंकेत लर्नएशिया नावाच्या संशोधन संस्थेनं अशाच नोंदींवरून कोलंबोचा अभ्यास केला. दिवसा शहरात असलेल्या माणसांपैकी जवळपास निम्मी बाहेरून आलेली असतात, असं त्यात दिसलं. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये ऑरेंज कंपनीनं २०११-१२ मधल्या ५० लाख ग्राहकांच्या अडीच अब्ज नोंदी नावं काढून अभ्यासकांना दिल्या होत्या. आयबीएमच्या लोकांनी त्यातून आबिजान शहराच्या बसमार्गांचा हिशोब मांडला. काही मार्ग नव्यानं जोडले तर लोकांचा वेळ साधारण १० टक्क्यांनी वाचेल, असं त्यांचं उत्तर होतं.

आणि सर्व्हे एका दिवसाचा असतो, फोन वर्षभर चालू असतो. आपल्याकडं नवरात्रातलं शहर वेगळं, जोतिबाच्या यात्रेतलं वेगळं, उसाचा हंगाम चालू असतानाचं वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे वकील आणि पक्षकार आता भाऊसिंगजी रोडला येतात. त्याआधी केलेला कुठलाही सर्व्हे त्या भागापुरता एका दिवसात शिळा झाला. फोनच्या नोंदीत हा बदल महिन्या-दोन महिन्यांत दिसला असता.

हे सगळं मान्य. मग अडचण काय?

अडचण बघायला मी घरातच एक प्रयोग केला. आम्ही शाहूपुरीत राहतो, घरात सहा माणसं. टॉवरच्या नोंदी काही आपल्याला मिळत नाहीत, पण गूगल मॅपमध्ये टाइमलाइन असते, फोन कुठं कुठं गेला ते दाखवते. सगळ्यांना विचारून आठवडाभर ती चालू ठेवली. शिवाय रोज रात्री जेवताना प्रत्येकानं वहीत लिहायचं, आज कुठं गेलो. रविवारी दोन्ही समोरासमोर ठेवलं.

माझं जुळलं. कागल, साइट, घर. अगदी मिनिटाला मिनिट.

बाबांचं बघून सगळे हसलो. बाबा रोज सकाळी टाऊन हॉलच्या बागेत जातात, परत येताना दूध आणि भाजी आणतात. फोन घरी चार्जिंगला. "सकाळी सकाळी गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो येतात, कोण बघत बसणार," म्हणून ते फोन नेतच नाहीत. फोनच्या मते बाबा आठवडाभर घराबाहेर पडलेच नाहीत.

आईचा फोन सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पाच ते आठ राजारामपुरीत होता. कारण तो नातवाकडे असतो, क्लासला जाताना. आई त्या वेळी अंबाबाईला गेलेली असते. म्हणजे कॉम्प्युटरला दिसणार की ६८ वर्षांची बाई रोज तीन तास राजारामपुरीच्या क्लासमध्ये बसते आणि देवळात कधीच जात नाही.

धाकटीकडे फोनच नाही. तिची शाळा, गाणं, मैत्रिणीचा वाढदिवस, यातलं काहीच झालेलं नाही.

बायको शिरोली एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात आहे. तिचं सगळं बरोबर आलं. पण तिचं सिम माझ्या नावावर आहे, माझ्या आधारवर घेतलेलं. टेलिकॉम कंपनीच्या दप्तरी आमच्या घरातून दोन पुरुष कामाला जातात, एक कागलला आणि एक शिरोलीला. कुणी या डेटावरून 'शिरोलीला बायका किती जातात' असं विचारलं, तर त्यात माझी बायको नाही.

आम्ही सुशिक्षित, शहरात राहणारं घर. तरी ही अवस्था.

मग बायकोच म्हणाली, "मावशींचं काय?"

मावशी म्हणजे आमच्याकडं धुण्याभांड्याला येतात त्या. नाव आणि गाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. तावडे हॉटेलपासून आत चार-पाच किलोमीटरवर गाव. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

"मावशी, तुमच्याकडं मोबाईल आहे?"

"हाय की घरात. एक पोराकडं असतोय, एक नातीकडं. धावीला हाय न्हवं ती, त्यावरच अभ्यास करती. मला कशाला लागतोय? मी काय घरात असतो व्हय?"

मग त्यांनी दिवस सांगितला. सकाळी सहाला गावातून वडापनं तावडे हॉटेल. तिथून दुसरी गाडी, कावळा नाक्याला उतरायचं. तिथून चालत आमच्याकडं, दहा रुपये वाचतात. आमचं उरकून चालतच परीख पुलाखालून राजारामपुरी, तिथं दोन घरं. पावसात पुलाखाली पाणी साचलं की मोठा वळसा. दुपारी लक्ष्मीपुरीत बाजार, मग घर. संध्याकाळी एक दिवसाआड गावातच एका म्हाताऱ्या बाईंना आंघोळ घालायला. मी मोजलं. घरातून बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत सहा ठिकाणं, तीन वाहनं, आणि चालणं किती ते त्यांनाही माहीत नाही.

माझ्या बायकोपेक्षा, माझ्यापेक्षा, घरातल्या कुणाहीपेक्षा शहरात जास्त हिंडणारा माणूस. आणि टॉवरच्या लेखी हा माणूस अस्तित्वातच नाही.

त्यांचा मुलगा गोकुळ शिरगावला फाउंड्रीत, महिन्यातले बरेच दिवस तिसऱ्या पाळीला. मघाशी सांगितलेला नियम आठवा, फोन रात्री जिथं असतो ते घर. म्हणजे कॉम्प्युटर म्हणणार की हा पोरगा फाउंड्रीत राहतो आणि दिवसा गावाकडं कामाला जातो. पुरं उलटं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल धरून असे रात्रपाळीवाले आपल्याकडं थोडे नाहीत. हुशार अभ्यासक ही चूक ओळखून दुरुस्त करू शकतात. पण त्यासाठी आपल्या शहरात रात्रपाळी किती चालते हे आधी माहीत असावं लागतं, आणि ते टॉवर सांगत नाही.

टॉवरच्या आणखीही गमती आहेत. दोन टॉवरच्या मधोमध घर असेल तर फोन कधी याला चिकटतो, कधी त्याला. माणूस घोरत असतो आणि नोंदीत त्याच्या येरझाऱ्या चालू. उलट महाद्वार रोडवरून पापाची तिकटीपर्यंत कुणी चालत गेलं, तर ते एकाच टॉवरखाली झालं म्हणून दिसायचंच नाही. चालणारा माणूस असा गळून जातो. आणि एकाच रस्त्यावरून जाणारा बसमधला कोण, वडापमधला कोण, मोपेडवरचा कोण, हे टॉवरवरून ओळखणं फार अवघड.

पण मला खरा त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा.

वही मिटता मिटता मी सहज विचारलं, "मावशी, कुठं जायचं असतं आणि जात नाही, असं काही आहे?"

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. परत विचारल्यावर म्हणाल्या, "ताराबाई पार्कात एक काम आलं होतं की. संध्याकाळचं, स्वयपाकाचं. महिन्याला तीन हजार देतो म्हणालत्या. सोडलं."

"का?"

"सातच्या फुडं तावडे हॉटेलवरनं आत वडाप कुठं मिळतंय? भरल्याबिगर हलत न्हाईत, आणि रातचं भरत न्हाईत. अंधारात बाईमाणूस किती वेळ थांबणार?"

वर्षाचे छत्तीस हजार रुपये. एका घराचं उत्पन्न किती बदललं असतं बघा. आणि हा जो न झालेला प्रवास आहे, तो जगातल्या कुठल्याच फोनमध्ये नोंदला जाणार नाही. मावशींच्या हातात उद्या महागातला फोन दिला, तरी तो एवढंच सांगेल की ही बाई संध्याकाळी घरीच असते. मग त्या डेटावरून मार्ग आखणारा म्हणेल, या गावाकडं सातनंतर मागणीच नाही, बस कशाला सोडायची? बस नाही म्हणून प्रवास नाही, आणि प्रवास नाही म्हणून बस नाही.

मला माझे ते अकरा फॉर्म आठवले. मी टपरीवर बसून लिहिलं होतं, बाई घरी. आज एवढं मोठं तंत्रज्ञान वापरून आपण परत तेच लिहिणार आहोत का?

ही एकट्या मावशींची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडं आहे का? देशात साधारण ५४ टक्के बायकांनी हो म्हटलं. त्यानंतर आकडा वाढला असेल. पण ज्यांच्याकडं नाही त्या कोण, हे आपल्याला न सांगता कळतं. आणि शहरात बसवर, वडापवर आणि स्वतःच्या पायांवर सगळ्यात जास्त अवलंबून असणाऱ्याही त्याच.

दुसरी एक काळजी आहे, ती फोन असलेल्यांची. "नाव-नंबर काढलाय, आता काय भीती?" असं म्हणतात. २०१३ मध्ये एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाईल नोंदी तपासल्या होत्या. माणूस कुठं आणि कधी होता याच्या फक्त चार नोंदी माहीत असल्या, तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे ओळखता येत होते. आपल्या पेठांमध्ये तर कोण कुठल्या डॉक्टरकडं जातो, कुणाची गाडी कुणाच्या दारात असते, हे तसंही सगळ्यांना माहीत असतं. त्यात असा डेटा कुणाच्या हाती सुटा लागला तर काय होईल, विचार करा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदाही झालाय. पण कायदा असणं वेगळं आणि कंत्राटात लिहून घेणं वेगळं.

मग करायचं काय? मित्राला मी फोन करून सांगितलं तेच इथं लिहितो.

एक, मोबाईलचा डेटा जरूर घ्या. हद्दीबाहेरची गावं, सणावाराची गर्दी, तिन्ही एमआयडीसींचे मोठे प्रवाह त्यात छान दिसतील. ते काम घरोघरी फिरून होणार नाही. पण घेताना फक्त भागाभागाची बेरीज घ्या. जिथं मोजकीच माणसं आहेत तो आकडा झाकून ठेवा. एकेका फोनची नोंद कंपनीच्या बाहेर येता कामा नये.

दोन, तो आकडा रस्त्यावर तपासा. आपल्याकडं निसर्गानं आणि रेल्वेनं दोन रेघा आयत्याच ओढून दिल्यात, पंचगंगा आणि रेल्वे रूळ. नदीवरचे पूल आणि रुळाखालचे-वरचे रस्ते मोजकेच आहेत. तिथं सकाळी सहा ते रात्री दहा माणसं मोजा. वाहनं नव्हे, माणसं. पायी जाणारी, वडापमधली, बसमधली, सगळी. बाई-पुरुष वेगळे मोजा. टॉवरचा हिशोब आणि पुलावरची मोजणी जुळली नाही, तर कोण गळलं ते शोधा.

तीन, केएमटी आणि एसटीच्या तिकीट मशीनमधला हिशोब शेजारी ठेवा. तो आपलाच आहे.

चार, घरोघरचा सर्व्हे बंद करू नका, लहान करा आणि नीट करा. मोजकी घरं, पण गावातली आणि झोपडपट्टीतली धरून. विचारायला बायका पाठवा. पैसे दिवसाचे द्या, फॉर्ममागे देऊ नका. फॉर्ममागे दिले की काय होतं ते मला विचारा.

आणि पाच, त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवा: तुम्हाला कुठं जायचं असतं आणि तुम्ही जात नाही, का?

मित्रानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तुझं पटतंय, पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मॉडेलमध्ये कुठं बसवायचं?" प्रामाणिक प्रश्न आहे. माझ्याकडंही त्याचं सूत्र नाही. मी एवढंच म्हटलं, सूत्र नसलं तरी चालेल, मार्ग ठरवणाऱ्यांच्या टेबलावर तो कागद असू दे. १०० पैकी दोन बस संध्याकाळी सात ते दहा तावडे हॉटेलवरून आतल्या गावांना सहा महिने सोडून बघा. भरल्या तर मागणी होती. नाही भरल्या तर मी परत चहा पाजतो.

काल मावशींना हे सगळं सांगितलं. त्यांनी भांडी घासता घासता ऐकलं. म्हणाल्या, "बस आली तर बरं हुईल की. पण ते ताराबाई पार्कातलं काम आता दुसऱ्या बाईनं धरलंय."

तुमच्या घरी, दुकानात, ऑफिसात कामाला येणाऱ्या एका माणसाला तो शेवटचा प्रश्न विचारून बघा. उत्तर मिळालं तर नाव-गाव न टाकता इथं खाली लिहा. मी सगळी उत्तरं एकत्र करून जिथं द्यायची तिथं देणार आहे.